तात्यांच्या जीपची गुरगुर

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. गिरणीच्या दगडांना टाकी लावायचं काम काढलं होतं. हातोडी उचलते तोच शेजारच्या अंगणातून हाक आली, "वैनी, पाच मिन्टं कान द्या."

हाक जीपखालून होती. शंकरतात्यांशी बोलायचं म्हणजे त्यांच्या तळव्यांशी बोलायचं. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त होऊन वेल्ह्याला परत आल्यापासून हा एकटा माणूस गाडीखालीच राहतो. पोस्टमनसुद्धा पाकीट त्यांच्या पायांशी ठेवून जातो.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी जीप चार इंच उंच करून घेतली. का, तर "खडक लागतोय खाली." आता आत चढायला खुर्ची लागते, तीही त्यांनी मागे बांधून ठेवलीय. पण गाडी उंच झाली आणि पुढच्या चाकांपर्यंत ताकद नेणारा प्रोपेलर शाफ्ट फारच तिरका झाला. त्याचा जॉइंट गुरगुरायला लागला.

ती गुरगुर ऐकायला तात्यांनी गाव कामाला लावलं. दूधवाला, ग्रामसेवक, राजगड उतरून लंगडत आलेले ट्रेकर, कुणालाही बाजूला बसवायचं आणि गडाच्या पायथ्याच्या पालीपर्यंत न्यायचं. कुणी उपाय सुचवलाच तर, "कान द्या, सल्ला नको."

माझी गिरणी, त्यामुळे माझ्या कानाला मान जास्त. "चाळीसला सुरू होतंय, उतारावर वाढतंय," असं मी सांगितलं की ते वहीत लिहून घेत. मग थर्मासमधला चहा. कप दोनच.

एकदा मी वैतागले. "तात्या, शाफ्टच बदला की."

"ह्यो सल्ला झाला."

"झाला तर झाला."

त्या शुक्रवारी नवा शाफ्ट बसला. पुण्याहून आणलेला, गिअरकडच्या टोकाला एकाऐवजी दोन जॉइंट जोडलेला, म्हणजे तिरकेपणाचा भार दोन्हींत वाटला जातो. पाने मी हातात देत होते. दुपारी खुर्चीवर पाय देऊन चढले. चाळीस, पन्नास, मग उतार. मला चक्क डुलकी लागली.

"येतोय का?"

"काहीच नाही."

"नीट ऐका की जरा."

"नीटच ऐकलं. झकास काम झालंय."

मला वाटलं, खूश होतील. त्यांनी वहीत 'आवाज बंद' लिहिलं, चहा दिला, आणि माझा कप रिकामा झाल्यावर बराच वेळ फडक्यानं पुसत बसले.

"म्हंजी आता कुनाला बसवायचं कामच न्हाई," स्टिअरिंगला म्हणाले.

संध्याकाळी पाहिलं तर जीपमागची खुर्ची सोडून ओट्यावर ठेवलेली.

दळण ज्याचं त्यानं न्यायचं, हा माझ्या गिरणीचा नियम. शनिवारी सकाळी दोन भरलेले डबे जीपमध्ये ठेवले, ओट्यावरची खुर्ची आणली आणि चढून बसले.

"तात्या, पालीला डबे पोचवायचेत. थर्मास भरून घ्या."

तळवे स्तब्ध. "आवाज आला का काय पुन्हा?"

"आवाज नाही. डबे आहेत," म्हटलं, आणि खुर्ची वर ओढून घेतली.