सरपंचाचं ऊन

बुधवारी सकाळी आठ वाजता स्वप्नीलने काचेची मोठी पेटी परुळेकरांच्या हॉलमध्ये आणून ठेवली आणि म्हणाला, "काका, हा सरपंच."

पेटीत वीतभर लांबीचा, गळ्याला काटेरी दाढी असलेला एक सरडा फळकुटावर पडला होता. त्याने गुणवंत परुळेकरांकडे एक डोळा फिरवून पाहिलं आणि मिटून घेतला. गुणवंतना हे जरा लागलं.

स्वप्नील म्हणजे त्यांचे होणारे जावई. अजून होणारेच, कारण रविवारी बैठक होती आणि बैठकीत काय होईल हे कुणी सांगावं? रुचिता एकुलती एक, तिने मुलगा स्वतः निवडलेला, रिक्षाच्या अंतरावरच्या काशीगावचा, शिकलेला, निर्व्यसनी. एवढं चांगलं असल्यावर काहीतरी खोट निघणारच, ती ही अशी निघाली. त्याला चार दिवस ऑफिसच्या कामाला बंगळूरला जायचं होतं आणि घरी म्हणे रंगकाम चाललं होतं.

"आई, प्लीज," रुचिता आईच्या कानाशी लागली, "त्याचा जीव आहे सरपंचावर. याला काही झालं ना, तर तो माझ्याकडे बघून हसेल, पण आतून कधी विसरणार नाही."

आता एवढं ऐकल्यावर कोण नाही म्हणणार? उर्मिलाबाईंना मुळात मुलगी सासरी जाणार याचाच घोर लागलेला. मग ती सणाला तेवढी येणार, आपल्याच घरात पाहुण्यासारखी बसणार नि निघून जाणार. त्यात आता हे.

स्वप्नीलने भराभर समजावून सांगितलं. पेटीच्या या कोपऱ्यात, बल्बखाली, चाळीस डिग्री. त्या कोपऱ्यात सत्तावीस. ही लांब ट्यूब म्हणजे त्याचं ऊन, ही नसेल तर हाडं ठिसूळ होतात. सकाळी सात ते संध्याकाळी सात दोन्ही चालू, मग पूर्ण अंधार. अंगात ऊब नसेल तर त्याला खाल्लेलं पचत नाही. आणि पेटी उन्हात ठेवायची नाही, काचेत भाजून निघेल.

"म्हणजे एकाच पेटीत मे महिना आणि माथेरान," उर्मिलाबाई म्हणाल्या.

"बरोबर, काकू. आणि हे किडे. जिवंत आहेत, फ्रीजमध्ये ठेवा. एक दिवसाआड द्यायचे, ताजेच लागतात." एवढं बोलून तो रिक्षात बसला.

परुळेकर मंडळी बारा वर्षांपूर्वी गिरगावातून भाईंदर पश्चिमेला आली, पण चाळ काही अंगातून गेली नव्हती. खोलीतून बाहेर पडताना बटण बंद करायचं, हा त्या घरातला एकमेव धर्म. गुणवंत ऑफिसला निघाले, जाता जाता हात आपोआप भिंतीकडे गेला. खट्. उर्मिलाबाईंनी दहा वाजता पाहिलं, दिवा बंद, म्हणून लावला. मग भाजीला जायला निघाल्या. खट्. रुचिता घरून काम करत होती, तिने लावला, पाणी प्यायला उठली. खट्.

दुपारी तीनला सरपंच काळाठिक्कर पडून होता.

"गेला," उर्मिलाबाई खुर्चीत बसल्या. "पहिल्याच दिवशी गेला. आता काय तोंड दाखवायचं?"

"आई, थंड पडलाय तो. दिवा कुणी बंद केला?"

"मी नाही."

"मीही नाही."

दोघीही खरं बोलत होत्या. ज्या हाताने केलं त्याने मेंदूला कळवलंच नव्हतं. संध्याकाळी त्या बटणावर चिकटपट्टी बसली आणि गुणवंतनी गुरुवार-शुक्रवारची रजा टाकली. कारणाच्या रकान्यात 'घरी आजारपण' लिहिताना त्यांना लाज वाटली, पण 'सरड्याची राखण' असं लिहायची सोय नव्हती.

गुरुवार बरा गेला असता. पण उर्मिलाबाईंना गुरुवारी पुसापुशी केल्याशिवाय चैन पडत नाही. ओलं फडकं घेऊन त्या पेटीपाशी आल्या, बल्बवर धूळ दिसली, पुसायला गेल्या. तापलेल्या बल्बला गार पाणी लागलं आणि फट्ट. सरपंच दचकून फळकुटाखाली शिरला.

गुणवंत तसेच लेंग्यावर स्टेशनजवळच्या कुलदीपच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात धावले.

"गरम होनेवाला बल्ब चाहिए."

"एलईडी ले जाओ अंकल. बिलकुल गरम नहीं होता."

"अरे, होना चाहिए! खूब गरम होना चाहिए!"

कुलदीप गोंधळला. बारा वर्षं तो लोकांना बल्ब तापत नाही असंच सांगून विकत होता. "अंकल, किसके लिए?"

"हमारे घर में सरपंच है," गुणवंत म्हणाले. "उसको ठंड लगती है."

कुलदीपने फार खोलात न जाता पोटमाळ्यावरून मांडवात लावायचा हॅलोजन काढून दिला.

हॅलोजन लावला आणि समोरच्या बिल्डिंगमधली माणसं खिडकीत आली. फूटभर अंतरावर थर्मामीटर साठ दाखवायला लागला, सरपंच तोंड उघडून धापा टाकायला लागला. गुणवंतनी दिवा स्टुलावर ठेवला. पन्नास. मग टेबलावर स्टूल. पंचेचाळीस. शेवटी कपाटावर ठेवला तेव्हा कुठे चाळीस आले. पण मग सरपंचाच्या पेटीत चाळीस आणि परुळेकरांच्या हॉलमध्येही मे महिना. जानेवारीच्या थंडीत सगळं घर स्वयंपाकघरात राहायला गेलं.

"माथेरान कुठल्या बाजूला म्हणाला होता तो?" उर्मिलाबाईंनी पदराने वारा घेत विचारलं.

"त्या कोपऱ्यात खोकं लावलंय आडोशाला. सत्तावीस नाही, एकतीस आहे."

"मग आपणच जाऊन बसू या तिथे."

शुक्रवारी उर्मिलाबाईंनी मिक्सर लावला आणि अख्खं घर बंद पडलं. तो हॅलोजन आणि मिक्सर एकत्र त्या जुन्या वायरिंगला झेपेनात. मग गीझर बंद, इस्त्री बंद, मिक्सर बंद. गुणवंत गार पाण्याने कुडकुडत आंघोळ करून हॉलमध्ये घाम गाळत बसू लागले. उर्मिलाबाई खलबत्त्यात चटणी कुटता कुटता बोलत होत्या, "लेकीच्या लग्नात आईबापाला झिजावं लागतं म्हणतात. पण सरड्यासाठी? आमच्या आईने कधी सांगितलं नव्हतं हो."

तरी दुपारी चिमट्याने किडे त्याच भरवत होत्या. पहिला किडा तोंड फिरवून दिला, दुसरा एक डोळा उघडून. चौथ्याला म्हणाल्या, "हळू खा रे, कुणी नेत नाही तुझा."

शनिवारी सकाळी नऊला वीज गेली. दुरुस्तीचं काम, संध्याकाळपर्यंत येणार नाही. दहा वाजता सरपंचाची दाढी काळी पडायला लागली. बैठकीला एक दिवस उरलेला. रुचिता पेटीपाशी बसून राहिली, तेवढं गुणवंतना पुरे झालं.

त्यांनी सरपंचाला उचललं. आयुष्यात पहिल्यांदा. थंडगार आणि खरखरीत अंग. सदरा वर करून त्याला बनियनला चिकटवलं आणि पाच मजले चढून गच्चीवर नेलं. उन्हाने तापलेल्या लादीवर ठेवलं. पाच मिनिटं काही नाही. दहा मिनिटं. मग सरपंच हळूच पसरला, पोळपाटावर पोळी लाटावी तसा चपटा झाला, काळा रंग उतरून पिवळसर तांबूस रंग अंगभर आला. गुणवंत त्याच्याकडे बघत राहिले. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्यांनी उन्हावर ढकललं. सावली हवी तेव्हा त्याच्यावर छत्री, स्वतःवर काही नाही, असे ते चार वाजेपर्यंत बसले.

रविवारी बैठकीला गुणवंतचं तोंड लालबुंद होतं आणि नाकाची सालं निघत होती. सरपंच मात्र तुकतुकीत दिसत होता. स्वप्नीलने नवा बल्ब लावला, पेटीत डोकावला आणि बघतच राहिला. "काका, हा माझ्याकडे कधी असा दिसला नाही."

त्याची आई ममताताई पेटीपासून सर्वांत लांबच्या खुर्चीत बसल्या होत्या. पोहे आले, चहा आला, मग त्यांनी विषय काढला.

"आमची काय मागणी न्हाय. सोना नको, भांडी नको, मानपान नको. पोरगी सोन्यासारखी हाय."

गुणवंतनी चार दिवसांत पहिल्यांदा पाठ टेकली.

"फक्त एकच," ममताताई म्हणाल्या. "ह्यो सरपंच हितंच ऱ्हाऊ दे. मी याला सांगितलंय, सून घरात आली की सरडा भायेर. दोघांना एकत्र जागा न्हाय."

"आणि घरातलं रंगकाम?" गुणवंतनी स्वप्नीलकडे पाहिलं.

स्वप्नीलने मान खाली घातली. "नव्हतंच, काका. आई म्हणाली, कुणी चांगलं सांभाळणारं मिळतंय का बघ. तुम्ही तर... इतकं कुणीच केलं नसतं."

आपण उन्हात बसून स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतला, हे गुणवंतच्या लक्षात आलं. ते नाही म्हणायला तोंड उघडणार एवढ्यात उर्मिलाबाई बोलल्या.

"ठेवू."

"उर्मिला, अगं..."

"तुम्ही थांबा हो. ठेवू आम्ही सरपंचाला, आयुष्यभर ठेवू. आमचीही एकच अट. त्याचे किडे दोघांनी मिळून आणून द्यायचे. एक दिवसाआड. ताजेच लागतात, जावईबापूंनीच सांगितलंय. आणि त्याचं खाऊन होईपर्यंत रुचिताने इथे बसायचं. तिच्याशिवाय खात नाही तो."

रुचिताने आईकडे चमकून पाहिलं. या चार दिवसांत त्याला भरवलं होतं ते आईनेच.

ममताताईंनी कप खाली ठेवला. काशीगाव ते भाईंदर पश्चिम, एक दिवसाआड, जन्मभर. त्यांच्या डोक्यात ते हळूहळू उतरत गेलं.

"विहीणबाई," त्या म्हणाल्या, "तुमी सरडा ठेवून पोरगी परत घेतली की."

"पोहे घ्या ना," उर्मिलाबाईंनी बशी पुढे केली. "गार होतील."