ब्रेकच्या चार बोल्टांची चौकशी

कोणताही अपघात घडेपर्यंत घडलेला नसतो. मोटार सर्व्हिसचा सारा कारभार या भक्कम सत्यावर उभा आहे.

सन १९३४ च्या मे महिन्यात माणगाव–म्हसळे गाडीचे ब्रेक दुरुस्तीसाठी उघडले, तेव्हा यूनुस मिस्त्रीने चार बोल्ट काढून बाजूला ठेवले आणि आटे झिजलेत, नवे घाला, असे सांगितले. एवढे मोठे धोरण मिस्त्रीने परस्पर ठरवणे बरे नव्हे, म्हणून मालक नजमुद्दीनशेट यांनी पाच प्रतिष्ठितांची कमिटी नेमली. (पैकी चौघे घाट नेहमी पायी उतरत. प्रकृतीला चांगले असते.)

बोल्ट टेबलावर मांडून त्यांची कारकीर्द तपासण्यात आली. अकरा वर्षांत गाडी घाटमाथ्यावरून ४,३१२ वेळा निघाली आणि ४,३१२ वेळा खाली पोहोचली (दोनदा अपेक्षेपेक्षा लवकर). नव्या बोल्टांनी घाट पाहिलासुद्धा नव्हता.

"कोंडाजी, अकरा वर्षांत ह्यांनी एक दिवस तरी रजा मागितली काय?" शेटनी ड्रायव्हरला विचारले.

"आता न मागता घेतील, शेट. तवा गाडीत मी असन, तुम्ही न्हाय."

ड्रायव्हरला घाटाची वैयक्तिक भीती वाटते, अशी नोंद झाली.

निर्णय समतोल होता. जुने बोल्ट कायम. नवे वर्षभर डब्यात घालून ड्रायव्हरच्या आसनाखाली उमेदवारीवर ठेवावेत, म्हणजे त्यांना रस्त्याची ओळख होईल.

सहाव्या दिवशी उतारावर एक बोल्ट तुटला. कोंडाजीने गाडी दरीकडे जाऊ न देता डोंगराला घासत नेऊन थांबवली. उतारू वाचले, कोंडाजीचा उजवा पाय गुडघ्याखाली मोडला.

कमिटी पुन्हा बसली. चारांपैकी तीन बोल्ट शाबूत, म्हणजे पंचाहत्तर टक्के यश. शिवाय अपघाताच्या वेळी नवे बोल्ट गाडीत हजर होते, ही बाब संशयास्पद ठरली. तुटलेल्याच्या जागी एका मोडीत निघालेल्या गाडीचा अनुभवी बोल्ट बसवण्यात आला. कोंडाजीच्या जागी मात्र नवा माणूस चालेल, असे एकमताने ठरले.

सोमवारी गाडी सुरू झाली. सकाळी सत्तावीस उतारूंनी तिकिटाच्या खिडकीशी चौकशी केली: सव्वीस जणांना पुढची जागा हवी होती, आणि एकाला, घाटात जरा जोरात नेता येईल का, हे विचारायचे होते. ब्रेकविषयी विचारणारा अजून यायचा आहे. आपण येणार असाल तर लवकर या. गाडी भरलेली असते.