यानाचा वरचा भाग

सकाळचे सात वाजले होते आणि गुरुदत्तचे चांद्रयान अर्धेच उरले होते. खालचा भाग चार पाय फाकून बाल्कनीत उभा होता. अंतराळवीर बसतात ती वरची खोली गायब!

“सुकन्या, वरचा भाग कुठाय?”

बायकोने आपल्या वडिलांकडे पाहिले. राजाभाऊंना पुण्याहून स्टुटगार्टला येऊन तीनच आठवडे झाले होते. पण कचरा वेगळा करायच्या जर्मन शिस्तीने त्यांना पुरते झपाटले होते.

“ते दह्याचे डबे ना, गुरुदत्तराव? स्वच्छ धुऊन पिवळ्या पिशवीत भरले. आज गाडी असते.”

“अहो बाबा, ते यान होतं!”

“असेल. पण प्लॅस्टिकचं होतं.”

गुरुदत्त अनवाणीच जिना उतरला. गाडी कोपऱ्यावरून वळत होती. तो हात हलवत धावला. मागे उभ्या कामगारानेही आनंदाने हात हलवला.

आज वीस जुलै २००९. माणूस चंद्रावर उतरल्याला चाळीस वर्षे झाली म्हणून ऑफिसात नऊला घरी केलेल्या प्रतिकृतींचे प्रदर्शन होते. साहेब केलर चंद्र म्हटले की वेडे. शिवाय गुरुदत्तची प्रोबेत्साइट, म्हणजे सहा महिन्यांची कच्ची नोकरी, दहा दिवसांत संपत होती. पक्की करणारी सही केलरांचीच.

“मग खालचं तरी का ठेवलंत?” परतल्यावर तो कळवळून म्हणाला.

“लाकडावर सोनेरी कागद चिकटवलाय. कुठल्या डब्यात टाकायचं, तुम्हालाच विचारणार होतो.”

नऊ वाजता केलरांनी अर्धे यान ठेवलेल्या टेबलाभोवती दोन फेऱ्या मारल्या. गुरुदत्त एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत राहिला.

“वरचा भाग?”

“तो... गेला,” गुरुदत्तच्या तोंडून निघाले, आणि त्याचे त्यालाच आठवले. “म्हणजे, अंतराळवीरांना घेऊन उडाला. खालचा भाग तिथेच राहिला. आज चंद्रावर एवढंच उभं आहे.”

केलरांनी चष्मा काढून पुसला.

“गेनाऊ! अगदी बरोबर! सगळे उतरणारं यान करतात. मागे राहिलेलं कुणी केलं नव्हतं.” त्यांनी तिथेच हात मिळवला. “सहीचं पत्र दुपारी घेऊन जा.”

संध्याकाळी गुरुदत्तने पेढ्यांचा पुडा सासऱ्यांपुढे धरला आणि सगळी हकीकत सांगितली. राजाभाऊंनी ती गंभीरपणे ऐकली.

“आणि खऱ्या यानाच्या वरच्या भागाचं काय केलं हो त्यांनी?”

“काम झाल्यावर दिला टाकून.”

राजाभाऊंचा पेढा हातातच राहिला.

“धुऊन?”