डाळीला नावं ठेवा, घरी जा

वॉर्डातल्या जेवणाला कुणी नावं ठेवली, की आमचे केळुसकर डॉक्टर खूश व्हायचे.

मनोरुग्णांच्या वॉर्डात मी नर्स. सुरुवातीला मला वाटायचं, यांचं स्वयंपाक्याशी काहीतरी वाकडं असावं. रोज ते पेशंटच्या ताटाशेजारी स्टूल ओढायचे आणि विचारायचे, "डाळ कशी आसा?" पेशंट मान खाली घालून "बरी आसा" म्हणाला, की मला हळूच म्हणायचे, "सिस्टर, अजून वेळ आहे."

डाळ खरोखरच बरी नसायची.

झोप, गोळ्या, तपासणी सगळं ते बारकाईने बघायचेच. पण माणसाला पुन्हा आवडनिवड फुटली तरच तो घरी टिकतो, असं त्यांचं ठाम मत.

आचऱ्याचा अनंता कित्येक आठवडे सगळ्यालाच "बरी आसा" म्हणत होता. एका दुपारी त्याने ताट सरकवलं. "डॉक्टरांनू, ही डाळ माका नको. तिरफळ घातलेलो बांगडो व्हयो."

डॉक्टरांनी पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले.

पण न्यायला कोणी येईना. थोरला भाऊ फोनवर म्हणाला, आणखी थोडे दिवस ठेवा, घरातल्या बायका घाबरतात. शेवटी डॉक्टरांनी अनंताला स्वतःच्या गाडीत घातलं, मलाही बसवलं.

भावाने आम्हाला ओटीवर पाणी दिलं, अनंताकडे पाहिलंसुद्धा नाही. मला वाटलं, आता डॉक्टर समजूत घालतील. ते अनंताला एवढंच म्हणाले, "चाय कर."

तो आत गेला. चहा आला, तो एकट्या डॉक्टरांनीच उचलला. प्याले आणि आणखी अर्धा कप मागितला. मग वहिनीने एक कप घेतला. बऱ्याच वेळाने भावानेही घेतला. आम्ही परतलो ते अनंताला तिथे ठेवूनच.

तेव्हापासून गोळ्यांची चौकशी म्हणून डॉक्टर रविवारी आचऱ्याला जाऊ लागले. बायको गेल्यापासून ते एकटेच राहतात, पण त्याबद्दल कधी बोलत नाहीत.

परवा अनंता तपासणीला आला. डॉक्टर राउंडवर होते. माझ्याजवळ येऊन त्याने विचारलं, "सिस्टर, डॉक्टरांका घराकडे कोण नाय काय?"

मी नाही म्हटलं.

तो म्हणाला, "रविवारी आमच्याकडे काळोख पडलो तरी उठनत नाय ते. भाव म्हणालो, तेंका सांग, येतल्या रविवारी रवाकच येवा. ओटीवर खाट घातलेली आसा."