जाळ्याचा काढा

यंदा थंडी सरता सरता मी नदीवर पाग टाकणार, असं मी सानवीला फोनवर छातीठोकपणे सांगितलं. पाग म्हणजे फेकायचं गोल जाळं. सानवी माझी नात, वय वर्षं नऊ, मुक्काम पुणे. माझ्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदाच इतकं ठाम वाक्य निघालं, आणि तिनं ते दुसऱ्याच दिवशी वर्गात सांगून टाकलं!

"आबा, मी रविवारी येतेय. सोमवारी टीचर विचारणार आहेत, आजोबांनी काय पकडलं."

चौतीस वर्षं मी कर्जतच्या वाचनालयात पुस्तकं दिली-घेतली. कुणी पुस्तक उशिरा परत केलं तर मीच ओशाळायचो. असा माणूस नदीत काय पकडणार? "सर्दी," असं माझी बायको प्रमोदिनी म्हणाली.

जाळं मात्र खरं होतं. कळंबच्या वरच्या वाडीतल्या शुक्राचे वनहक्काचे अर्ज मी लिहून दिले होते, म्हणून त्यानं आपलं जुनं जाळं मला दिलं. धुवा, सुकवा, फाटलंय तिथं गाठी मारा, बास, असं त्यानं बजावलं होतं. तो मला मास्तर म्हणतो. मी मास्तर नाही, पण चष्मा असलेला प्रत्येक जण शुक्राला मास्तर वाटतो.

एवढ्यावर थांबलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती. पण पुस्तकात पाहिल्याशिवाय कुठलंही काम करायचा मला धीर होत नाही. वाचनालयानं रद्दीत काढलेलं मासेमारीचं एक पुस्तक माझ्याकडे होतं. त्यात स्वच्छ लिहिलं होतं, की वसंत लागताच जाळे ऐनाच्या झाडाच्या सालीच्या काढ्यात उकळावे, म्हणजे ते कुजत नाही. स्टेशनजवळ रानभाज्या विकणाऱ्या जनीकडून मी साल आणवली. घरात कुणाला जुलाब होतात का, असं तिनं विचारलं. मी हो म्हणालो. सगळं समजावून सांगण्यापेक्षा जुलाब सोपे वाटले.

गुरुवारी दुपारी प्रमोदिनी बाजारात गेल्यावर मी तिचं सगळ्यांत मोठं पातेलं काढलं. जाळं दोनदा साबणानं धुतलं, कडेला वजनासाठी ओवलेल्या शिशाच्या गोळ्या सोडवून ठेवल्या, तेवढी अक्कल शाबूत होती! अर्ध्या तासात तांबडाबुंद काढा तयार झाला आणि जाळं तळाशी शांत बसलं. मी गॅस बंद करून आतल्या खोलीत वाचत पडलो.

जाग आली ती टाळांच्या आवाजानं. प्रमोदिनीचं भजनी मंडळ! शनिवारी खोपोलीत स्पर्धा, आणि पहाटे गारठा, दुपारी ऊन अशा हवेनं सातही जणींचे घसे बसलेले. अभंग सुरू झाला तेव्हा मला वाटलं, कुणीतरी कपाट सरकवतंय.

मग स्वयंपाकघरातून शेजारच्या जागृतीवहिनींचा आवाज आला. "अगं, एवढा काढा करून ठेवलास आणि बोलली नाहीस?"

"मी कुठं? यांनी केला असेल." प्रमोदिनीचा आवाज एकदम मऊ झाला. "काल खोकत होते ना मी. बोलायचे नाहीत, पण लक्ष असतं त्यांचं."

चाळीस वर्षांत असं कौतुक माझ्या कानावर आलं नव्हतं. बाहेर जाऊन नुसतं 'थांबा' म्हणायचं होतं. पण बाहेर सात बायका. दाराआड उभा राहून मी वाक्य मनात तीनदा जुळवलं. तिसऱ्यांदा बरं जमलं, तोवर गूळ घालून पेले भरले होते. जागृतीवहिनी अंडं घातलेल्या केकलाही हात लावत नाहीत. "तुरट आहे," त्या म्हणाल्या, "पण मागून काहीतरी छान चव येते." त्यांनी दुसरा पेला घेतला.

पुढचा अभंग खणखणीत झाला.

मंडळ गेल्यावर प्रमोदिनी उरलेला काढा गाळायला गेली. "अहो," तिची हाक आली. तिच्या पळीला जाळं लटकत होतं.

मी सगळं सांगून टाकलं. ती स्टुलावर बसली. "शनिवारपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही," ती म्हणाली. "जागृतीचा आवाज परत बसेल." मग थोड्या वेळानं, पातेल्याकडे बघत, "म्हणजे माझ्यासाठी नव्हता तो."

मी जाळं उचललं आणि पातेलं घासायला घेतलं.

शनिवारी मंडळाला दुसरं बक्षीस मिळालं. रविवारी सानवीला घेऊन मी नदीवर गेलो. शुक्रा आला होताच. पिशवीतून जाळं काढलं तर तो आवळून बसलेला, शेवयांसारखा तांबडा गोळा! शुक्रानं तो उलटापालटा केला, हुंगला.

"मास्तर, हे नायलॉन हाय. ह्याला कुजायला काय झालं? सुताचं जाळं उकळायचे सालीत, माझ्या आज्याच्या टायमाला."

नंतर घरी येऊन पाहिलं, तर पुस्तक माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठं निघालं.

"मग मी उद्या काय सांगू?" सानवीनं नदीवरच विचारलं. तिचा चेहरा बघवेना. म्हणून तिथंच काठावर बसून मी तिला सगळं सांगितलं, दाराआड तीनदा जुळवलेल्या वाक्यासकट. ती उचकी लागेपर्यंत हसली. सोमवारी संध्याकाळी तिचा फोन आला.

"आबा, मी सांगितलं, आजोबांनी नदीवर न जाताच सात बायका पकडल्या."

तेव्हापासून दर गुरुवारी मी काढा करतो. मुद्दाम, प्रमोदिनीसाठी, ती खोकत नसली तरी. आलं, तुळस, गूळ, थोडी साल. मंडळ आवडीनं पितं. फक्त जागृतीवहिनी दर वेळी पेला खाली ठेवताना म्हणतात, "चांगला झालाय हो. पण त्या दिवशीची चव नाही."

काय कमी पडतं ते मला माहीत आहे. मी दाराआड असतो.