आनंदीमावशींचं चवीचं पाणी

"माझ्या पाणपोईवरचं पाणी प्यायलेला माणूस कुडपणचा डोंगर दोनदा चढेल आणि खाली येऊन विचारेल, आता कुठे चढू!"

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी उपासना संपल्यावर आनंदीमावशींनी ही घोषणा केली. महाडमधली ती ख्रिस्ती मंडळी म्हणजे जेमतेम अकरा कुटुंबं. पण मावशी बोलायला उभ्या राहिल्या की अकरा हजारांची सभा असल्यासारखा आवाज लागायचा. चौतीस वर्षं नर्स म्हणून नोकरी केलेली बाई! समोरचा माणूस बोलायला लागला की त्या आधी त्याची जीभ कोरडी आहे का ते बघत. तो काय बोलतोय, ते नंतर.

"शरीर हे देवाचं मंदिर, असं तुम्ही दर रविवारी सांगता," त्या तरुण पाळकांकडे वळून म्हणाल्या. "मग मंदिराची टाकी रिकामी ठेवून कसं चालेल? घामातून नुसतं पाणी जात नाही, क्षार जातात! मिनरल! ते परत भरायला नकोत?"

पाळक रितेश एकोणतीस वर्षांचे, सज्जन, आणि मावशींना थोडे घाबरून असलेले. ते म्हणाले, "उत्तम कल्पना आहे, मावशी. आपण तिथे एक फलक लावू. 'जीवनाचं पाणी' असा."

"अजिबात नको! लोकांना वाटेल सरकारी नळयोजना आली. आणि हे बघा, फलक नाही, पत्रकं नाहीत, उपदेश नाही. एलीया संदेष्टा रानात झुडपाखाली मरायला टेकला होता, तेव्हा देवदूतानं त्याला प्रवचन दिलं का? आधी भाकर आणि पाणी दिलं. ऊठ, खा, म्हणाला. बाकीचं बोलणं मागाहून."

पाळकांना हे ठाऊक होतं, पण इतक्या दमदारपणे त्यांनी ते कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी मान डोलावली. पाणपोई ठरली. जागा पोलादपूरच्या स्टँडबाहेर, चिंचेच्या सावलीत, जिथे डोंगरातल्या वाड्यांकडे जाणाऱ्या जीपा उभ्या राहतात.

मावशींची तयारी म्हणजे ऑपरेशन थिएटरच! दोन मोठे माठ, पन्नास पेले, पेले उकळायला पातेलं. साखर आणि मीठ मोजून त्यांनी घरीच पुड्या बांधल्या. लिटरला सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. वर लिंबू. राहिलं फक्त पाणी. ते आणायचं काम शेजारच्या मंगेशकडे. मंगेश मूळचा वरंधचा, महाडात टेम्पो चालवायचा आणि मावशींनी सांगितलेलं कुठलंही काम हो म्हणून टाकायचा. पूर्ण ऐकून घ्यायच्या आधीच.

पाणपोई सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी मावशींनी त्याला फोन केला.

"मंगेश, उद्या सहा कॅन पाणी आण पोलादपूरला. साधं नको हां, मिनरलवालं आण!"

"मिनरलवालं?" पलीकडून खरखर. "म्हंजे कसलं, मावशी?"

"अरे, ज्याच्यात क्षार असतात ते! अंगाला चांगलं असतं ते!"

खर्र, खर्र. "म्हंजे... सवचं?"

मावशींना ऐकू आलं, 'चवीचं?'

"हो, हो! चवीचं! चवीचंच आण!" असं म्हणून त्यांनी समाधानानं फोन ठेवला.

सकाळी साडेदहाला टेम्पो आला. उशीरच झाला होता. चिंचेखाली तीस-चाळीस माणसं ताटकळत उभी. ऊन असं, की रस्त्यावर पापड टाकला असता तर भाजून निघाला असता! मावशींनी घाईघाईनं कॅन माठात ओतायला लावले, पुड्या सोडल्या, लिंबं पिळली, ढवळलं. चाखून बघितलं नाही. चौतीस वर्षांत त्यांनी कधी चाखलं नव्हतं. माप बरोबर असलं की चव बरोबर, हा त्यांचा सिद्धान्त!

"पाणी कोमट लागतंय हाताला," पाळक हळूच म्हणाले.

"टेम्पोत तापलं असेल. द्या, द्या, लोकांना द्या!"

पाळकांनी पहिला पेला एका म्हातारीच्या हातात दिला. रंगूबाई तिचं नाव, कुडपणहून उतरून आलेली. मुलगा, सून आणि नातू मुंबईहून यायचे होते. त्यांची वाट बघत ती सकाळपासून बसली होती, मांडीवर झाकणाची किटली घट्ट धरून. रंगूबाईनं एक घोट घेतला. थांबली. पेल्यात बघितलं. वास घेतला. मग मावशींकडे बघितलं, जशी एखादी बाई गुळाच्या ढेपेत खडा लागल्यावर दुकानदाराकडे बघते.

"बाय गो," ती म्हणाली, "ह्ये सवचं पाणी हाय."

"हो ना! चवीचंच आहे!"

"चवीचं नाय गो! सवचं! ऊन झऱ्याचं! ह्यात आमी पाय बुडवून बसतो!"

मावशींनी मंगेशकडे बघितलं. मंगेश अभिमानानं हसत होता.

"पहाटे साडेचारला गेलो, मावशी! वाफा निघत होत्या. तुम्हीच बोललात ना, क्षारवालं, अंगाला चांगलं? सवच्या पाण्यापेक्षा क्षारवालं पाणी अख्ख्या तालुक्यात नाय!"

 तोवर रांगेत बातमी वणव्यासारखी पसरली. सवचं पाणी! इथं! फुकट! गुडघ्याला एक नंबर! गरम झऱ्यांचं ते सव गाव काही लांब नाही, पण दुखऱ्या गुडघ्यांनी तिथवर जायचं कोणी? इथं तर सवच चालत आलं होतं!

"थांबा! पिऊ नका कोणी!" मावशी ओरडल्या.

"पीत नाय हो, बाई," एक आजोबा धोतर वर घेत म्हणाले. "ओता गुडघ्यावर."

पाच मिनिटांत चिंचेखालचं दृश्य बदललं. पेले होते, रांग होती, पण तोंड कोणीच पुढे करत नव्हतं. सगळे गुडघे पुढे करत होते! साखर, मीठ आणि लिंबू घातलेलं ते पाणी लोक गुडघ्यांवर चोळत होते. आजोबांच्या पायावर मुंग्या चढल्या, तर ते म्हणाले, "बघा, गुण येतोय! मुंग्या येतायत!" कुडपणच्या जीपचा ड्रायव्हर चांगू हॉर्न वाजवून थकला. मग तोच खाली उतरला आणि रांगेत लागला.

पाळक रितेश गोंधळून गुडघ्यावर पाणी ओतत राहिले. मावशी मात्र धावत होत्या. समोरच्या दुकानातून बाटल्या आणायला, माणसांना माठापासून हटवायला, मंगेशला बोलायला. भर उन्हात चार फेऱ्या झाल्या. पाचव्या फेरीला चिंचेची दोन झाडं दिसायला लागली. आपल्याला काय होतंय, हे त्यांना बरोबर कळलं. म्हणून त्या धाडकन पडल्या नाहीत. नर्ससारख्या पडल्या. आधी खाली बसल्या, चष्मा काढून पदरात ठेवला, आणि मगच आडव्या झाल्या.

"मावशी!" पाळक धावले. गुडघे टेकून, डोळे मिटून मोठ्यानं प्रार्थना करू लागले.

"अरे दादा, डोळं काय मिटतोस!" रंगूबाई कडाडली. "देव बघतोय वरून, तू खाली बघ! आधी पाणी पाज तिला!"

पाळकांनी घाबरून जवळचा पेला उचलला.

"ते नको!" अख्खी रांग ओरडली.

"ते गुडघ्याचं हाय!" मंगेश रडवेला झाला होता.

रंगूबाईनं मग आपली किटली उघडली. मावशींचं डोकं मांडीवर घेतलं आणि झाकणात ओतून त्यांच्या ओठाला लावलं. ताक होतं. घरचं, पातळ, मीठ-जिरं घातलेलं. मावशींनी एक घोट घेतला, दुसरा घेतला, आणि डोळे मिटूनच पुटपुटल्या, "मिठाचं माप बरोबर आहे. साखर मात्र..."

"गप पी!"

मावशी गप प्यायल्या. झाकणामागून झाकण, किटली निम्मी झाली. यजमान गेल्याला नऊ वर्षं झाली होती. तेव्हापासून कुणी आपल्याला असं दटावून काही पाजलं नव्हतं, हे त्यांच्या ध्यानात आलं. डोळ्यांत पाणी आलं. अंगात पाणी परत आल्याचं लक्षण, असं त्यांनी मनाशी नोंदवलंही!

"मावशी, सकाळपासून तुम्ही स्वतः किती पाणी प्यायलात?" पाळकांनी विचारलं.

मावशी चिंचेचा पाला बघू लागल्या. उत्तर मंगेशनं दिलं. "चहा फक्त. तो पण अर्धा. उरलेला मला दिला त्यांनी."

"आणि हे ताक तुम्ही कुणासाठी तरी आणलं होतं ना?" मावशींनी ओशाळून रंगूबाईला विचारलं.

"मग काय झालं? अजून निम्मं हाय. माझ्या नातवाला, ओमला, तेवढं पुरतं. आणि घरी म्हस हाय माझी, ती काय आटली नाय."

तेवढ्यात चांगूनं जीप सुरू केली. त्याची पँट अजून गुडघ्यापर्यंत दुमडलेली होती. खिडकीतून डोकं बाहेर काढून तो ओरडला, "ओ बाई! उद्या पण हाय काय गुडघ्याचं पाणी? माझ्या आयेला आणतो!"

मावशींनी पाळकांकडे बघितलं. पाळकांनी आभाळाकडे बघितलं. मावशी उठून बसल्या, चष्मा घातला आणि वॉर्डातल्या आवाजात म्हणाल्या, "आहे! पण आधी दोन पेले ताक पोटात, मग एक पेला गुडघ्यावर. गुडघ्याची हमी माझ्याकडे मागायची नाही. पोटाची मी देते!"

दुसऱ्या दिवशी रंगूबाईनं डोंगरावरून ताकाचे दोन हंडे जीपमध्ये घालून पाठवले. मंगेशनं या वेळी नीट विचारून दोनच कॅन सवचे आणले. बारा वाजेपर्यंत साठ-सत्तर माणसं निमूटपणे ताक प्यायली, मावशींना रिकामा पेला दाखवला आणि पुढे सरकली. कोणाला चक्कर नाही, कोणाची जीभ कोरडी नाही. मावशी स्वतः दर तासाला एक पेला घेत होत्या. मंगेश घड्याळ लावून आठवण करत होता.

शेवटचा माणूस पुढे आला. मावशींनी वर न बघताच विचारलं, "ताक झालं का?"

"दोन्ही पेले झाले, मावशी."

आवाज ओळखीचा वाटला म्हणून त्यांनी मान वर केली. समोर पाळक रितेश उभे होते, पांढरी पँट गुडघ्याच्या वर दुमडून.

"रोज प्रार्थनेला बसतो ना मी," ते लाजून म्हणाले. "जरा उजव्यावर जास्त ओता."