अप्पांची मुक्कामी गाडी

आमच्या गावात कुणाला तालुक्याला काही काम नसलं, तर निवृत्तीअप्पा ते काढून द्यायचे. एकदा त्यांनी सरूकाकूंना दाताच्या डॉक्टरकडं धाडलं. काकूंचा दात दुखतच नव्हता. "आज दुखत न्हाय म्हणून उद्या दुखणार न्हाय व्हय?" असं म्हणत अप्पांनी त्यांना एसटीत चढवूनसुद्धा दिलं.

हा सगळा खटाटोप मुक्कामी गाडीसाठी. ती संध्याकाळी तालुक्याहून यायची, ड्रायव्हर-कंडक्टर गावातच झोपायचे आणि सकाळी गाडी परत जायची. पण तिच्यात माणूस नव्हतं. "अप्पा, भारमान असंच राहिलं तर मुक्काम बंद हुईल बघा," असं कंडक्टरनं एकदा बजावलं. भारमान म्हणजे गाडी किती भरली त्याचा हिशोब. तेव्हापासून लोक जसं बीपीबद्दल बोलतात तसं अप्पा भारमानाबद्दल बोलू लागले. "आज लई उतरलंय, गुर्जी," म्हणत ते कपाळाला हात लावून शाळेच्या पायरीवर बसायचे.

गाडी भरावी तरी कशी? दारोदार मोटारसायकली झालेल्या. काळीपिवळी जीप घरापुढं थांबून हाक मारते. आमची एसटी मात्र येईल तेव्हा येणार, न आली तर तिची मर्जी. कॉलेजच्या पोरींनीही शेवटी तिचा नाद सोडला. माझ्या मोटारसायकलला अप्पा 'घरबुडवी' म्हणत. "एकट्याला घिऊन पळती. येष्टी अख्ख्या गावाला वागवती!"

नव्या सुनांना वाटेत गाठून ते म्हणायचे, "माहेरला जाऊन लई दिस झालं की गं." मग सासवा भांडायला यायच्या. गावातल्या दोन भावांचा बांधावरून दावा चालू होता. तारखेला दोघंही याच गाडीनं जात, एक पुढच्या सीटवर, एक पार मागं. त्यांनी समेट केला आणि पेढे वाटले, तेव्हा साऱ्या गावात एकटे अप्पा तोंड पाडून बसले. "मिटवायची काय घाई हुती? दोन पक्की शिटं गेली!"

ड्रायव्हर-कंडक्टरचं रात्रीचं जेवण अप्पांकडं असायचं. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा पुण्यात. तरी अप्पा स्वतः भाकऱ्या थापायचे, ठेचा करायचे. मला वाटायचं, गाडी टिकावी म्हणून ही लाच चाललीय. तसं मी चिडवलंही. अप्पांनी हसत आणखी एक भाकरी तव्यावर टाकली.

शेवटी व्हायचं तेच झालं. मुक्काम बंद झाला. आता गाडी दुपारी येते आणि उलट पावली जाते. अप्पा घरोघर फिरले. लोक "बघू की" म्हणाले आणि मोटारसायकलला किक मारून निघून गेले. कुणाचंच काही अडलं नाही, याचंच मला वाईट वाटलं.

परवा संध्याकाळी तालुक्याच्या स्टँडवर अप्पा दिसले. बाकावर बसलेले, मांडीवर फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या. गावाकडं जायला आता उद्या दुपारशिवाय गाडी नव्हती, हे त्यांना न कळण्यासारखं थोडंच होतं! शेजारी एक अनोळखी ड्रायव्हर मोबाइल बघत बसला होता.

"या की, चार घास खावा," फडक्याची गाठ सोडत अप्पा त्याला म्हणाले.

"जेवण झालंय, आजोबा." त्यानं मानही वर केली नाही.

अप्पांनी फडकं पुन्हा बांधलं. मी जवळ गेलो.

"अप्पा, आज स्वतःलाच काम काढलंत?"

"काम कशाचं, गुर्जी? आपल्या गाडीवरली दोघं आता दुसरीकडं लागलीत म्हणं. कवातरी येतील हिकडं, म्हणून बसलोय." मग खाली बघत म्हणाले, "एकट्याच्यानं घास उतरत न्हाय वो. गाडी हुती तवर रोज तिघं जेवायचो."

"मला भूक लागलीय," एवढंच म्हणालो आणि बाकावर बसलो.

अप्पांनी घाईघाईनं फडकं सोडलं. अर्धी भाकरी, त्यावर ठेचा माझ्या हातावर ठेवला आणि स्वतः असे जेवू लागले की बघवेना. मग फडक्याची घडी घालत, माझ्याकडं न बघता त्यांनी विचारलं, "उद्या बी येता का, गुर्जी?"

मी हो म्हणालो. उद्या मी येणार नाही, हे मला ठाऊक होतं. अप्पांनाही असावं, कारण त्यांनी पुन्हा विचारलं नाही.